गाल कुणाचा? अंबडच्या एका वर्कशॉपचं प्रकरण

हे प्रकरण 2023 सालचं आहे. दोन्ही बाजूंनी लिहायला होकार दिला तो एकाच अटीवर, की वाचून कुणाला ओळख पटू नये. म्हणून नावं दिलेली नाहीत, मालाचा प्रकार आणि काही रकमाही बदलल्या आहेत. मी कामगार कायद्याचा सल्लागार आहे. ख्रिस्ती नाही. मला या भानगडीत बोलावलं ते हिशेबासाठी. पण हिशेबाआधी पहिला प्रश्न बायबलचाच निघाला: वाईटाची फेड वाईटाने करू नका, ही शिकवण आजच्या धंद्यात, मोबाइलच्या जमान्यात, पाळायची म्हणजे नक्की काय करायचं? मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, लोकांचं त्यावर एकमत नव्हतं, आजही नाही.

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणारं, वर्कशॉप. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), एक जुनं ड्रिलिंग मशीन, अकरा कामगार. सातपूरच्या, वाहन उद्योगातल्या एका कंपनीचे बुश (नळीसारखे छोटे सुटे भाग) करून द्यायचे, महिन्याला बारा हजार नगांच्या आसपास. गाळ्याचं निम्म्याहून जास्त पोट या एका ऑर्डरवर. छोट्या वर्कशॉपची ही नेहमीचीच कुंडली.

मालक पन्नाशीचे. शरणपूर भागातल्या एका मंडळीत त्यांची चौथी पिढी. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली आणि तिथे मुलांना अक्षरांबरोबर हाताचं कामही शिकवलं. मालकांच्या पणजोबांच्या हातात सुतारकी आली ती तिथूनच, असं घरात सांगतात. अशा जुन्या मंडळ्यांमध्ये चार-पाच पिढ्यांच्या सोयरिकी एकमेकांत गुंतलेल्या असतात. भांडण दोघांचं असलं तरी रविवारी उपासनेला कोण कुठल्या बाकावर बसलं, यावरून तीस घरांत चर्चा होते. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं काही कळणार नाही.

सुपरवायझर त्याच मंडळीतला, वयाने पस्तिशीचा. मालकांना 'काका' म्हणायचा. आयटीआय करून हेल्पर म्हणून लागला आणि नऊ वर्षांत अख्खा गाळा चालवायला लागला. मशीन लावल्यावरचा पहिला नमुना, सेटिंग पीस, तोच काढायचा, कंपनीच्या क्वालिटीवाल्यांशी तोच बोलायचा. पुढेमागे भागीदारी देऊ, असं मालक त्याला दोन-तीनदा म्हणाले होते. कागदावर काहीच आलं नाही.

अडचण

मार्च 2023 मध्ये सुपरवायझरने काम सोडलं आणि सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला. इथपर्यंत तक्रार करण्यासारखं काही नाही. नाशिकमधले निम्मे वर्कशॉपवाले कुणाच्या ना कुणाच्या गाळ्यातूनच बाहेर पडलेत. पण जाताना त्याने फिक्स्चरची (जॉब मशीनवर पकडून ठेवणाऱ्या साच्याची) ड्रॉइंग नेली. आणि मे महिन्यात सातपूरच्या कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाला व्हॉइस नोट पाठवली: जुन्या गाळ्यात रिजेक्ट झालेले बुश घासून पुढच्या चलनात, म्हणजे पुढच्या पाठवणीत, परत घालतात.

ते खरं नव्हतं. वर्षापूर्वी एक लॉट रिवर्कला (दुरुस्तीला) गेला होता, पण कंपनीला कळवून आणि वेगळ्या चलनावर. वाहन उद्योगात मात्र अशा वाक्याची चौकशी होईपर्यंत कुणी थांबत नाही. कंपनीने ऑर्डर थांबवली. ती व्हॉइस नोट फिरत फिरत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येऊन पडली, खाली हात जोडल्याच्या खुणांसकट.

मालकांच्या हातात मात्र एक हत्यार होतं. वर्कशॉपच्या मोबाइलवर कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. जुन्या एका रेकॉर्डिंगमध्ये सुपरवायझर कुणा पुरवठादाराशी बोलताना सातपूरच्या खरेदी अधिकाऱ्याची टिंगल करत होता: दिवाळीला पाकीट गेलं की त्याचं सगळं पास. मीही ते ऐकलं. आवाज स्पष्ट, शंकेला जागा नाही. ते कंपनीत पोचलं असतं तर सुपरवायझरला सातपूर-अंबडमध्ये कुणी दारात उभं केलं नसतं.

पहिलं वळण: गप्प बसणं

मालकांनी काहीच केलं नाही. ना कंपनीला पत्र, ना सुपरवायझरला फोन, ना ग्रुपवर खुलासा. आठवडाभराने त्यांनी पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, गाठलं. पाळकांनी डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन काढलं, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं: डोळ्याबद्दल डोळा असं तुम्ही ऐकलं आहे, पण मी सांगतो, दुष्टाला अडवू नका, उजव्या गालावर कुणी मारलं तर दुसराही पुढे करा. प्रार्थना झाली. मालक घरी आले ते हलके होऊन.

त्यांच्या या हलकेपणावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. माणूस भांडण टाळतो तेव्हाही त्याला असंच हलकं वाटतं. आतून दोन्ही सारखंच लागतं, आणि वचन हाताशी असलं की आपण यातलं कुठलं करतोय हे तपासायचं राहून जातं.

जून संपेपर्यंत ओव्हरटाइम बंद झाला होता. जुलैत दोन हेल्परना थांबवावं लागलं. त्यातला एक पेठ तालुक्यातला, चुंचाळ्यात तिघांत खोली करून राहणारा. त्याचा हिशेब होत होता तेव्हा गाळ्यातला सगळ्यात जुना टर्नर (लेथवरचा कारागीर) मालकांना म्हणाला, "शेठ, गाल तुमचा, न् थप्पड आमच्या तोंडावर."

या वाक्यावर अख्खं प्रकरण फिरलं. टर्नर बौद्ध आहे, आणि न बोलता सोसण्याचं त्याला अजिबात कौतुक नाही. पण सूड घ्या असंही त्याचं म्हणणं नव्हतं. त्याने मालकांना 1930 चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह सांगितला. त्याचा आजा त्यात होता. रामनवमीला दगड आले, लोकांची डोकी फुटली, पण बाबासाहेबांच्या माणसांना हात उचलायचा नव्हता. "हात नाही उचलला," टर्नर म्हणाला, "पण दारावरनं हालले पण नाहीत. आणि मागणी काय ती मोठ्यानं सांगितली. तुम्ही तर तोंडच उघडलं नाही."

मालकांच्या पत्नी गाळ्याचे हिशेब बघतात. त्यांनी त्याच संध्याकाळी घरात आणखी एक गोष्ट ऐकवली, आणि पुढे माझ्यासमोरही ती पुन्हा बोलल्या: "हे वचन आधी बायकांना ऐकवतात. मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला ऐकवतात. शेठ लोकांना कधी ऐकवत नाहीत, आज पहिल्यांदा ऐकवलं." मंडळीच्या महिला मंडळात त्यांनी अशा दोघीजणी पाहिल्या आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 सालचा. त्यानंतरही सासरी परत जाण्याचा सल्ला या एका वचनाच्या आधारे दिला गेला. ही शिकवण आज लागू आहे की नाही, असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, ती कोण कुणाला ऐकवतंय?

शिकवणीत नेमकं काय आहे

इथे प्रेसवाले काका आले. नाशिकरोडच्या करन्सी प्रेसमधून निवृत्त झालेले, मंडळीचे जुने पंच, जेलरोडला राहणारे. बायबल त्यांनी पाळकांइतकंच वाचलं असेल, आणि नोटा छापण्यात हयात गेल्यामुळे असेल, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्यांना चालत नाही. मलाही या प्रकरणात त्यांनीच ओढलं. त्यांनी मालकांपुढे जे मांडलं ते थोडक्यात असं.

'डोळ्याबद्दल डोळा' हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक सूड वाढू नये म्हणूनच होता. एका डोळ्यासाठी एकच डोळा, त्यापुढे नाही. येशू त्या मर्यादेच्याही खाली उतरतो. पण तो उजव्या गालाचं नाव घेतो. समोरासमोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर तळहात उलटा करून, मागच्या बाजूने मारावं लागतं. मालक नोकराला मारतो तशी ती अपमानाची चापट असावी, असं बरेच अभ्यासक म्हणतात. त्या माणसाने दुसरा गाल पुढे केला म्हणजे तो पळालाही नाही आणि उलट मारलंही नाही. तो तिथेच उभा राहिला. पुढचं उदाहरण रोमी शिपायाच्या वेठीचं. एक कोस ओझं न्यायला लावलं तर दोन कोस जा. तिथेही तो माणूस दुसऱ्या कोसात काहीतरी स्वतःहून करतोय.

आणि खुद्द येशूने काय केलं? योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला चापट मारतो. येशू तिथे दुसरा गाल पुढे करत नाही. तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, आणि बरं बोललो असेन तर मला का मारतोस? फिलिप्पै शहरात येशूचा प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, जा सुटलात. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले. याच पौलाने रोमकरांना लिहिलंय की सूड उगवू नका, शत्रू भुकेला असला तर त्याला जेवू घाला.

प्रेसवाले काकांचं म्हणणं एवढंच, की सूड नाही याचा अर्थ खुलासा नाही, हक्क नाही, प्रश्न नाही असा होत नाही.

पाळकांना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचा आधार करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय होता. तिथे पौल आपसात कोर्टात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना झापतो: त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हा वाद दोन हजार वर्षं चालू आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1523 मध्ये राज्यसत्तेवर लिहिताना ख्रिस्ती माणसाने स्वतःसाठी सोसावं, पण शेजाऱ्याच्या रक्षणासाठी सत्तेचा आधार घ्यावा, असा मार्ग काढला. चारच वर्षांनी, 1527 मध्ये, श्लाइटहाइमला जमलेल्या ॲनाबाप्टिस्टांनी (प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या पंथाने) तो मार्ग नाकारला आणि ख्रिस्ती माणसाने तलवार हातात धरायचीच नाही असं ठरवलं. मी बाहेरचा माणूस. पण अकरा जणांचा पगार करणाऱ्या माणसाला लूथरची वाटणी जास्त कामाची आहे असं मला वाटतं. दुसरा गाल पुढे करायचा तो स्वतःचाच असावा लागतो. चुंचाळ्यातल्या हेल्परचा गाल मालकांना पुढे करता येत नाही, आणि त्यांनी अजाणता तेच केलं होतं.

समोरचे पर्याय

रेकॉर्डिंग पुढे पाठवणं सगळ्यात सोपं होतं. मालकांचा मुलगा, डिप्लोमा करून गाळ्यावर बसायला लागलेला, याच पर्यायाच्या बाजूचा. त्याचा युक्तिवादही कच्चा नव्हता: आपण खोटं काही बोलत नाही, त्याचाच आवाज आहे, जशास तसं. पण त्यात खरेदी अधिकारी नाहक भरडला जाणार होता. पाकिटाची गोष्ट सुपरवायझरची बढाई होती की खरी, हे कुणालाच माहीत नव्हतं. खरी असली तर पाकीट गेलं कुठून, हा प्रश्नही आलाच असता. म्हणजे आधी मालकांच्या गप्प बसण्याची किंमत हेल्परने मोजली, आता सूड घेतला तर ती आणखी तिसऱ्याने मोजायची.

दुसरा पर्याय कोर्टाचा. वकिलांनी अब्रुनुकसानीच्या नोटिशीचा मसुदा करून ठेवला होता. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. कलम 500 खाली दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस एफआयआर घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटपुढे खाजगी तक्रार करावी लागते. तारखा किती पडतील हे कुणी सांगायला नको. ऑर्डर तोवर परत येणार नव्हती. ड्रॉइंगबद्दल दावा तर अगदीच लंगडा: गोपनीयतेचा करार नव्हता, आणि मूळ ड्रॉइंग कंपनीचंच होतं.

तिसरा पर्याय मत्तयच्या अठराव्या अध्यायातला. आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. यात मला आवडलं ते हे, की अपराध ज्याच्याविरुद्ध झाला त्याने आधी उठून जायचं आहे. गावोगावच्या तंटामुक्त समित्याही साधारण असंच करतात, फक्त तिथे पहिली पायरी कुणी धरत नाही, थेट चावडीवर.

चौथा पर्याय टर्नरने सुचवलेला, त्यात धर्माचा काही संबंध नाही: कंपनीला पत्र द्या, गाळा उघडा, येऊन बघा म्हणा.

दुसरं वळण: मुलाने पाठवलेलं रेकॉर्डिंग

मालक तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायावर आले तोवर मुलाने रेकॉर्डिंग आपल्या मावसभावाला पाठवलं होतं. तो सातपूरच्या त्याच कंपनीत ट्रेनी. रविवारी उपासनेनंतर आवारात चहा घेताना त्या मावसभावाच्या आईच्या तोंडून विषय निघाला. त्याने पुढे पाठवलं नाही असं तो शपथेवर सांगत होता. तसं असेलही.

आता मालकांना ठरवायचं होतं, सुपरवायझरला हे सांगायचं की दाबायचं? माझ्यासारख्याने दाबायचाच सल्ला दिला असता. स्वतःविरुद्ध पुरावा कुणी स्वतः नेऊन देत नाही. मालकांनी त्याच रात्री फोन केला. "माझ्या घरातून तुझं एक रेकॉर्डिंग बाहेर गेलंय. मी पाठवलं नाही, पण मोबाइल माझा आहे. तुला माहीत असावं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग सुपरवायझर म्हणाला, "काका, तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलंच नसतं."

माझ्या मते प्रकरण सुटायला सुरुवात इथे झाली. दोन महिन्यांच्या गप्प बसण्याने जे झालं नाही ते या फोनने झालं. सूड नाकारताना मालकांनी प्रथमच स्वतःच्या पदरचं काही खर्चलं.

काय केलं

मालक एकटे माळेगावला गेले. शटर अर्धं खाली, आत कर्जावर घेतलेलं एक जुनं व्हीएमसी आणि जॉब जवळजवळ नाहीच. कंपनीने सुपरवायझरलाही ऑर्डर दिली नव्हती. ती पुण्याकडच्या कुणाकडे गेली होती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तरी सुपरवायझरने व्हॉइस नोट खोटी होती हे मानलं नाही. "नऊ वर्षं घासली माझ्याकडून, ते कोण बोलणार?" एवढंच म्हणत राहिला.

दुसरी बैठक ऑगस्टमध्ये, प्रेसवाले काकांच्या घरी. दोघे, काका आणि मी. पाळक मुद्दाम आले नाहीत. आपण आलो की दोघेही प्रवचनाला बसल्यासारखे बसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते शहाणपणाचं वाटलं.

सुपरवायझरने खिशातून एक छोटी डायरी काढली. निळ्या बॉलपेनने तारीखवार ओव्हरटाइमचे तास, पानामागून पान. काही ठिकाणी तेलाचे बोट उमटलेले, एका पानावर चहाचं वर्तुळ. त्याची मागणी या तासांच्या फरकाची. मी डायरी चाळली आणि दोघांना विचारलं, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना केलेल्या वर्षांची द्यायची रक्कम, दिली का? दोघांनी माझ्याकडे सारख्याच कोऱ्या चेहऱ्याने पाहिलं.

मालकांचा समज असा की पीएफ आपल्याला लागू नाही, तशी ग्रॅच्युइटीही नाही. पीएफला वीस कामगारांची अट आहे, ते बरोबर. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा 1972 चा कायदा दहापासून लागू व्हायचा, आणि एकदा लागू झाला की पुढे संख्या घटली तरी सुटका नव्हती. "पण तो स्वतःहून सोडून गेला," मालक म्हणाले. पाच वर्षं पुरी झाली की राजीनामा दिला तरी मिळते. शेवटचा पगार 22,000. महिन्याचे 26 दिवस धरून भागिले 26, वर्षाला 15 दिवसांचा पगार म्हणून गुणिले 15, नऊ वर्षं म्हणून गुणिले 9. कॅल्क्युलेटरवर 1,14,231 रुपये आले. ते तीस दिवसांत द्यायचे असतात. पाच महिने झाले होते.

मालक बराच वेळ बोलले नाहीत. मे महिन्यापासून ते स्वतःला अन्याय सोसणारा समजत होते, आणि त्या सगळ्या काळात एका माणसाचे लाखभर रुपये त्यांच्याकडे अडकले होते. व्हॉइस नोट त्यामुळे खरी ठरत नाही, हे मी लगेच सांगितलं. दोन चुका एकमेकींत वजा करायच्या नाहीत. सुपरवायझरने नऊ वर्षांत घेतलेल्या ॲडव्हान्सपैकी 80,000 बाकी होते; ते ग्रॅच्युइटीतून वळते करून घ्यायची मालकांची इच्छा होती. मी नको म्हटलं. ग्रॅच्युइटी हा कायद्याने राखलेला पैसा आहे, तो पूर्ण चेकने द्या, ॲडव्हान्सचं वेगळं लिहून घ्या.

चेक पुढच्या आठवड्यात दिला गेला. व्याज सुपरवायझरने सोडलं. ॲडव्हान्स दरमहा 5,000 ने फेडायचं ठरलं. ओव्हरटाइमवर एकमत झालं नाही. डायरीतले निम्मे तास मालकांनी मानले, तेवढ्याचे पैसे दिले. चेक हातात आल्यावर, आधी नाही, सुपरवायझरने कंपनीला मेल लिहिला: रिजेक्ट माल परत घातल्याचं मी स्वतः पाहिलेलं नाही, ते वाक्य रागात बोललो. मेलचा मसुदा मी वाचला होता. माफीचा शब्द त्यात नव्हता, आणि मालकांनी तो मागितलाही नाही.

मालकांचं पत्रही गेलं. त्यात सुपरवायझरविषयी एक अक्षर नव्हतं. रिवर्क झालेल्या त्या एका लॉटचं चलन जोडलेलं, आणि येऊन गाळा तपासा एवढी विनंती.

निष्पत्ती

कंपनीची माणसं सप्टेंबरमध्ये आली, दिवसभर मोजमाप केलं. ऑक्टोबरपासून चार हजार बुशची ऑर्डर परत मिळाली, पुढच्या वर्षी सहा हजार. बारा हजार पुन्हा कधी झाले नाहीत. कमी केलेल्या दोन हेल्परपैकी एक परत आला. पेठचा मुलगा गोंद्याला कंत्राटावर लागला होता. मालकांनी त्याला महिन्याचा पगार देऊ केला. तो त्याने घेतला, पण परत आला नाही.

रेकॉर्डिंग दोन साक्षीदारांसमोर मोबाइलमधून पुसलं. मावसभावानेही पुसल्याचं सांगितलं. अशा गोष्टी खरोखर पुसल्या जातात का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ॲडव्हान्सचे हप्ते सुरुवातीचे चार वेळेवर आले, मग पुढेमागे, पण येतात. दोघे एकाच उपासनेला असतात, वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर. नाताळात सुपरवायझरच्या घरून करंज्यांचा डबा आला आणि मालकांच्या घरून केक गेला. यात मैत्री किती आणि मंडळीतली रीत किती, मला सांगता येणार नाही.

मुलगा मात्र नाराज राहिला. त्याचं म्हणणं असं की बाबांनी रेकॉर्डिंगची कबुली दिली तेव्हा त्याला उघडं पाडलं. हा आरोप अगदीच चूक नाही. फोन करण्याआधी मालकांनी मुलाशी बोलायला हवं होतं. त्यांनी स्वतःची सचोटी राखली ती थोडी मुलाच्या खर्चाने.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या आठवड्यातच कंपनीला दोन ओळींचा खुलासा गेला असता तर बहुधा हेल्परची नोकरी वाचली असती. त्यात सुपरवायझरवर एकही आरोप करायची गरज नव्हती. गप्प बसण्याचं आणि सूड न घेण्याचं हे बोचकं मालकांनी एकत्र बांधलं, ते पाळकांशी बोलतानाच सोडवता आलं असतं. पाळकांनी वचन सांगण्याआधी विचारायला हवं होतं, या मारात तुमच्याशिवाय आणखी कोण आहे? हे मी पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवशी समोरचा माणूस रागाने थरथरत होता, आधी त्याच्या हातातला मोबाइल खाली ठेवायला लावणं भाग होतं. रेकॉर्डिंगचं त्यांना माहीत होतं, मला तेव्हा नव्हतं. त्या दृष्टीने पाहिलं तर पहिल्या आठवड्यातल्या त्या प्रार्थनेने खरेदी अधिकाऱ्याची नोकरी वाचवली असणं शक्य आहे. त्यानंतरचे दोन महिने गप्प राहायला मात्र वचनाचा आधार नव्हता.

भागीदारीची तोंडी आशा नऊ वर्षं दाखवत ठेवणं, हे सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याला बायबल लागत नाही, एक स्टॅम्पपेपर पुरतो. आता मालकांनी उरलेल्या सगळ्यांचा ग्रॅच्युइटीचा हिशेब काढून वहीत ठेवलाय आणि दर एप्रिलला ती रक्कम वेगळ्या खात्यात टाकतात. टर्नरचा आकडा सगळ्यात मोठा आहे. त्याने तो दोनदा तपासून घेतला.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय करायचं, यावर पंचांच्या बैठकीत बरंच बोलणं झालं. व्हॉइस नोट तिथे टाकणाऱ्याने माफी मागावी अशी मालकांच्या पत्नीची मागणी होती, आणि तिला कुणी नाही म्हटलं नाही. माफी अजून आलेली नाही. ग्रुपवर आता फक्त पंचांनाच संदेश टाकता येतो. त्या म्हणतात, हा काही निकाल नव्हे, आणि पुढच्या बैठकीत त्या विषय परत काढणार आहेत.